आयात राहू द्या, आधी राजीनाम्याचं बोला

लोटे एमआयडीसीतल्या रसायन कारखान्यात सोळा वर्षं काम केलेल्या वाचकाचं पत्र आहे. चीनच्या स्वस्त मालापुढे टिकाव लागत नाही म्हणून 31 ऑगस्ट 2025 ला कारखाना बंद झाला. अमेरिकेत अशा कामगारांना सरकार मदत देतं असं पुतण्या सांगतो, तशी इथे मिळेल का, असं ते विचारतात. महाड-रोह्याहूनही अशी पत्रं येतात.

अमेरिकेतली योजना खरी. 1974 च्या व्यापार कायद्याखाली तीन कामगार मिळूनही अर्ज करू शकत. आयातीनेच नोकरी गेली का, हे तपासून मदत मिळे. 1 जुलै 2022 पासून तिथेही नवे अर्ज मंजूर होणं थांबलं. आपल्याकडे तशी योजना नाही. परदेशी माल अवाजवी स्वस्तात येऊ नये म्हणून अँटी-डंपिंग शुल्क बसलं तरी ते सरकारी तिजोरीत जातं, कामगाराच्या हातात नाही. आपला कायदा एवढंच विचारतो, की नोकरी सुटली कशी?

आणि इथेच तुम्ही पायावर धोंडा पाडून घेतलात. 18 ऑगस्टला गेटवर बंदची नोटीस लागली. 25 ला, गणपती दोन दिवसांवर आले असताना, ‘चतुर्थीआधी पैसे हवेत तर सही करा’ म्हणत छापील कागद पुढे आला आणि तुम्ही 63 जणांनी न वाचता सह्या केल्या. त्यावर ‘स्वखुशीने राजीनामा’ होतं. राजीनामा खरा ठरला तर बंदची भरपाईही गेली आणि ईएसआयसीचा (कामगार राज्य विमा महामंडळाचा) बेकारी भत्ताही. वर शिमगा उलटेपर्यंत गप्प बसलात!

आता मिळालेली रक्कम बघा: 1,66,154 रुपये. पगार 18,000 भागिले 26, गुणिले 15, गुणिले 16 वर्षं. तोच आकडा येतो ना? ही तुमची ग्रॅच्युइटी. पाच वर्षं भरल्यावर राजीनामा दिला तरी ती द्यावीच लागते. म्हणजे राजीनाम्याबद्दल तुम्हाला एक पैसाही मिळालेला नाही. कारखाना बंद झाल्याची 240 दिवसांच्या पगाराची (15 दिवस गुणिले 16 वर्षं) भरपाई कोणी स्वखुशीने फुकट सोडतो का? 63 राजीनामे, एकच मजकूर, एकच तारीख, तीही नोटिशीनंतरची. तुमची केस उभी राहील ती यावर.

भरपाईचं कलम 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातलं 25-एफएफएफ. दर वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार. मालकाच्या हाताबाहेरच्या, अटळ कारणाने कारखाना बंद झाला तर मात्र ती तीन महिन्यांच्या पगारापुढे जात नाही. कंपनीचा वकील आयातीचं रडगाणं इथेच गाईल. पण त्याच कलमाचं स्पष्टीकरण सांगतं, की नुसता तोटा किंवा न खपलेला साठा हे अटळ कारण नव्हे. तेव्हा तुमच्या अर्जात आयातीचा पाढा वाचू नका. पन्नास किंवा अधिक कामगार असताना सरकारला 60 दिवस आधी द्यायची नोटीस दिली होती का, ते मात्र विचारा.

नवी औद्योगिक संबंध संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तुमचं प्रकरण आधीचं, म्हणून माझ्या मते 1947 चाच कायदा लागेल. कंपनी वाद घालू शकते. दाद मागायची मुदत जुन्यात तीन वर्षांची, नव्यात दोन. तुम्ही दोनच धरा आणि कामगार खात्याच्या समेट अधिकाऱ्याकडे याच महिन्यात अर्ज द्या. कामगार न्यायालयात तारखांवर वर्षं जातात, त्यात तुमचे महिने घालू नका.

ईएसआयसीच्या शाखेत जाऊन कंपनीने ऑनलाइन काय कारण भरलंय ते बघा: ‘नोकरी सोडली’ की ‘कामगार कपात’. पहिलं असेल तर लेखी हरकत घ्या. ईएसआयसीच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत 90 दिवसांपर्यंत रोजच्या सरासरी पगाराच्या निम्मे मिळतात, पण ती मुदतवाढीवर चालते. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत कारखाना बंद पडलेल्यांना पहिलं वर्ष निम्मे, दुसरं वर्ष पाव. दोन्हींचं विचारा.

आणि गेटवरच्या त्या नोटिशीचा फोटो ज्याच्या मोबाइलमध्ये असेल, त्याच्याकडून आजच मागून घ्या. फोन बदलला की तो गेला.