कामाच्या वह्या घेऊनच ये

म्युनिकची नोकरी घेतलीस, छान झालं. ब्लू कार्डची, म्हणजे इथे काम करायच्या परवान्याची, माहिती सरकारी पानांवर आहे, ती पुन्हा लिहीत नाही. तू विचारलंस की सात वर्षांच्या कामाच्या वह्या सामानात घ्यायच्या की पुण्यातच ठेवायच्या. घेऊन ये. जुन्या कंपनीचा कोड किंवा ग्राहकांची नावं असलेली पानं तेवढी आणू नकोस, ती तुझी नाहीत. काय ठरवलं, का ठरवलं आणि कुठे चुकलो, एवढं तुझं.

माझ्या वहीत ऑक्टोबर 2015 चं एक पान आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथे पहाटे तीनला घड्याळं तासभर मागे जातात, म्हणजे दोन ते तीन हा तास दोनदा येतो. आमचा बिलं काढायचा जॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारा प्रोग्राम, स्थानिक वेळेवर, अडीचला लावलेला. तो दोनदा चालला. भारतात घड्याळ असं हलत नाही, म्हणून मला ते सुचलंच नव्हतं. पानावर निर्णय आहे: वेळापत्रक यूटीसीवर, म्हणजे कधीच मागेपुढे न होणाऱ्या जागतिक वेळेवर. त्याखाली नाकारलेला पर्याय: जॉब चारला सरकवणे, कारण त्याने मूळ चूक झाकली जाते. तीन वर्षांनी नव्या सहकाऱ्याने नेमकं तेच सुचवलं, तेव्हा ते पान कामी आलं. सॉफ्टवेअरमधले निर्णय नोंदवायला मायकल नायगार्ड या प्रोग्रामरने 2011 मध्ये मांडलेला साचा मी वापरतो: परिस्थिती, निर्णय, परिणाम. नाकारलेल्या पर्यायांचा रकाना माझा.

एकटेपणाचं विचारलंस. नोव्हेंबरात साडेचारला अंधारतं तेव्हा वाटतं. गणपतीत माणसं भेटतात, निभतं.

निभत नाही ते मुलाच्या शाळेचं. बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, चौथीतच शाळांच्या वाटा फुटतात. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तिन्हींची सरासरी 2.33 पर्यंत असेल तर गिम्नाझियम, म्हणजे थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा. इथे एक म्हणजे सर्वांत चांगला. तीन विषयांची बेरीज सात हवी होती, आमच्या पोराची आठ आली. जर्मनमध्ये तीन. तीन दिवसांच्या चाचणी-वर्गाला बसवता आलं असतं. आम्ही बसवलं नाही, तो रेआलशूलला, म्हणजे दहावीपर्यंतच्या मधल्या वाटेच्या शाळेत, गेला. का नाही बसवलं? मी म्हणतो, त्याला ताण नको म्हणून. बायको म्हणते, तुझ्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं म्हणून. मागच्या महिन्यात त्यानेच विचारलं, तेव्हा मी वही काढली. त्या मे महिन्यात डेटाबेसच्या एका इंडेक्सवर चार पानं आहेत. शाळेवर एक ओळ नाही.

म्हणून नव्या वहीचं पहिलं पान विमानात बसण्याआधी लिही: का निघालोय, काय सोडतोय, कुठल्या तारखेला पुन्हा विचार करायचा. अर्धं पान बायकोसाठी ठेव, तिच्या अक्षरात. मुलगी पहिलीत जाईल तेव्हा ते दोघांनी काढून वाचा, चौथीची वाट बघू नका.