गावाच्या विकास आराखड्याचं काम पहिल्यांदाच हाती आलंय, तर एवढं करा

नकाशा रंगवायला बसण्याआधी सगळं गाव पायी फिरा, एकदा तरी भर पावसात. ओढा फुगल्यावर पाणी कुठवर चढतं ते कागदावर कळत नाही, घरांच्या भिंतींवरच्या चिखलाच्या रेषेत कळतं. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी शंभर वर्षांपूर्वी हाच आग्रह धरला होता: आधी पाहणी, मग आराखडा.

लोकसंख्येचा एकच अंदाज धरून चालू नका. वर्षाला २ टक्के वाढ म्हणजे २० वर्षांत जवळपास दीडपट, ३५ वर्षांत दुप्पट. पण छोट्या गावात एक कारखाना आला किंवा बंद पडला की सगळं गणित फिरतं. म्हणून कमी, मध्यम, जास्त असे तीन आकडे काढा. वयोगटही बघा, तरुण बाहेर पडत असतील तर शाळेआधी दवाखान्याला जागा लागेल.

माझा सर्वात जास्त आग्रह जागा राखण्याबद्दल आहे. रस्ता नंतर करता येतो, जलवाहिनी नंतर टाकता येते, पण त्यासाठीच्या जमिनीच्या पट्टीवर बांधकाम झालं की ती गेलीच. आमच्या एका आराखड्यात पाण्याच्या टाकीसाठी उंचावरची जागा राखायची राहिली. तिथे घरं उभी राहिली. वरच्या वस्तीत आजही नळाला बारीक धार येते, आणि ते मला अजून लागतं.

खर्च लिहिताना देखभाल कोण करणार, कुठल्या पैशातून, हेही त्याच ओळीत लिहा. बैठका संध्याकाळी घ्या, बायकांशी वेगळं बोला. पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ टिकतं, ते त्याच नेमकं सांगतात.