एकच पान परत परत वाचावं लागतंय?

एन्झायटी किंवा डिप्रेशनमुळे लक्ष लागत नसेल, तर आधी हे सांगतो की हा आळस नाहीये, प्लीज स्वतःला ढ समजू नकोस. एन्झायटीत मेंदूतला अमिग्डाला नावाचा भाग सतत धोका शोधत बसतो आणि कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, जो लक्ष एका जागी धरून ठेवतो, त्याची पकड ढिली होते, मग वर्किंग मेमरीतली (आत्ता वाचलेलं थोडा वेळ डोक्यात धरून ठेवणारी स्मरणशक्ती) बरीचशी जागा "नापास झालं तर?" यानेच भरलेली, वाचलेलं राहणार कुठे. डिप्रेशनचं जरा वेगळं, तिथे मन तेच तेच जुनं उगाळतं, विचारच संथ होतात. दोन्ही एकत्र असणं अगदी कॉमन आहे.

सध्या वीसेक मिनिटंच अभ्यासाला बस, फोन दुसऱ्या खोलीत, आणि काळजी डोक्यात आली की शेजारच्या कागदावर लिहून टाक नि परत पानावर ये. झोप मात्र अजिबात कापू नकोस. दोन आठवड्यांहून जास्त असंच चाललं असेल तर डॉक्टरांकडे जाच, थायरॉईड आणि बी१२ पण तपासून घे, त्यानेही असं होतं. डिप्रेशन-एन्झायटीच्या गोळ्या चालू झाल्या तर मूड सुधारल्यावरही लक्ष यायला बऱ्याचदा वेळ लागतो, म्हणून आपल्या मनाने बंद करू नकोस. घरी बोलता येत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.