एवढं फिरून आलो, तरी मन होतं तिथेच

मी नाशिकमध्ये समुपदेशन करते. सुट्ट्या संपल्या की माझ्याकडे एक तक्रार हमखास येते. दिवाळीनंतर येते, मे महिन्यानंतर येते, आणि पावसाळ्यात तर दर सोमवारी येते. "मॅडम, सगळे म्हणाले निसर्गात जा, म्हणून गेले. डोंगर बघितला, धबधबा बघितला. आत काही हललंच नाही. माझ्यातच काही बिघाड आहे का?" काहींची तक्रार जरा निराळी असते. तिथे बरं वाटलं होतं, पण घरी येऊन बॅग रिकामी करेपर्यंत सगळं पहिल्यासारखं झालं. कॉलेज रोडवर क्लासेस चालवणाऱ्या बाईंनी हे विचारलंय, सातपूरच्या कारखानदाराने विचारलंय, नुकत्याच निवृत्त झालेल्या नर्सनेही विचारलंय.

उत्तर सगळ्यांना जवळपास तेच द्यावं लागतं, म्हणून एकाच माणसाची हकिगत सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सुधाकरराव अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहेत. वय पन्नाशीच्या आसपास. रात्री तीनला जाग येते, घरात कुणी जोरात बोललं तरी चिडतात, रविवारीही डोक्यात कारखाना चालूच. डॉक्टरांकडून सगळ्या तपासण्या झालेल्या होत्या, रिपोर्ट चांगले होते. डॉक्टरांनीच सांगितलं, जरा फिरून या.

"केरळ केलं मॅडम. मनाली केलं. मागच्या वर्षी कूर्ग. नाशिकरोडला उतरलो की छातीवर पुन्हा तेच."

"आणि तिथे असताना?"

"तिथेही बघत होतो ना, हलकं वाटतंय का. नाही वाटलं."

हे "बघत होतो" म्हणजे काय, ते पुढच्या भेटीत कळलं. त्यांनी खिशातून छोटी डायरी काढली. त्यात प्रत्येक सहलीतल्या प्रत्येक दिवसाचे, सकाळ-संध्याकाळ, दहापैकी मार्क होते. हाउसबोट, सकाळी सहा. संध्याकाळी पाच. चहाचे मळे, साडेसहा.

"सहा म्हणजे नापास?"

"आठच्या खाली रिजेक्ट," ते म्हणाले, आणि स्वतःच थोडं हसले.

"आठ कुणी ठरवले?"

यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एवढा खर्च केलाय मॅडम. तेवढं तर व्हायलाच पाहिजे."

माझी बैठक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धतीची आहे. एलिस यांनी ती १९५५ च्या सुमारास मांडली, आणि कि. मो. फडके यांच्यामुळे ती मराठी माणसापर्यंत पोहोचली. तिचं म्हणणं थोडक्यात असं, की प्रसंग आपल्याला जेवढा त्रास देत नाही, तेवढा त्या प्रसंगाकडे आपण लावलेला हटवादी तगादा देतो. साहेबांबाबत, सासूबाईंबाबत, मुलांच्या मार्कांबाबत हे सांगितलं तर लोकांना पटकन पटतं. पण विश्रांतीकडेही आपण असाच तगादा लावतो, हे ऐकलं की भले भले थबकतात. मी पैसे भरलेत, रजा टाकली आहे, समोर एवढं सुंदर दृश्य आहे, तेव्हा मला शांत वाटलंच पाहिजे. नाही वाटलं तर सहल फुकट, किंवा मीच वाया गेलेला. झोप लागली का हे बघायला सारखे डोळे उघडणाऱ्या माणसाला झोप कशी लागणार?

हा नुसता माझा अंदाज नाही. जोनाथन स्कूलर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोकांना संगीत ऐकवलं होतं. ऐकताना आनंदी व्हायचा प्रयत्न करा, असं ज्यांना सांगितलं होतं त्यांचा मूड नुसतं ऐकणाऱ्यांपेक्षा खालावला. सुधाकररावांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी त्याचीही डायरीत नोंद केली!

अशात त्यांच्या मिसेसनी त्यांचं नाव एका निसर्ग शिबिरात घातलं. पेठ तालुक्यातलं गाव, जुलै महिना, तीन दिवस, बारा-चौदा माणसं, सगळी अनोळखी. स्वतः मात्र त्या गेल्या नाहीत. मला फोनवर म्हणाल्या, "मला घरातच तीन दिवस शांतता मिळेल की." बाई हुशार आहेत.

सुधाकरराव नाराज होते. अनोळखी लोकांत आपलं काय काम, तिथे रेंज नाही, कारखान्यात काही झालं तर काय, असं बरंच. शेवटी विचारलं, "डायरी नेऊ की नको?"

"न्या," मी म्हटलं. त्यांना आश्चर्य वाटलं. पण नेऊ नका म्हटलं असतं, तर डायरी न नेण्याचेही त्यांनी मार्क दिले असते, हे एव्हाना मी ओळखून होते. एवढंच सांगितलं, की तिथे कुणी हाताला काम दिलं तर नाही म्हणू नका.

परत आल्यावर पहिल्याच भेटीत त्यांनी डायरी टेबलावर ठेवली. शुक्रवार संध्याकाळ, पाच. शनिवार सकाळ, काहीच नाही.

"हा रकाना रिकामा कसा?"

"आवणी चालू होती."

पेठ, सुरगाणा, इगतपुरी या पट्ट्यात जुलैमध्ये भाताची आवणी चालते. राबावर, म्हणजे रोपांसाठी भाजून तयार केलेल्या जागेवर, वाढवलेली रोपं उपटायची, जुड्या बांधायच्या आणि चिखलणी केलेल्या खाचरात वाकून एकेक लावत मागे मागे सरकत जायचं. शिबिरातल्या लोकांना तिथल्या एका कुटुंबाने सकाळभर हाताशी घेतलं होतं.

"हात चिखलाचे होते. डायरी कशी काढणार?"

"दुपारी भरायची की."

"दुपारी आठवेना, कसं वाटत होतं ते. म्हणजे बाकी सगळं आठवतंय. पाय पोटरीपर्यंत रुतत होते. पाऊस तिरका येत होता. शेजारच्या मावशी ओरडत होत्या, ओ साहेब, तुमची ओळ वाकडी चालली. मी आयुष्यभर लोकांचे पार्ट रिजेक्ट केले, आणि मावशींनी माझी अख्खी ओळ रिजेक्ट केली. काढून परत लावायला लावली. मग मागे सरकताना बसलोच चिखलात. सगळे हसले. मीही हसलो."

"तेव्हा शांत वाटत होतं?"

ते विचारात पडले. अगदी प्रामाणिकपणे आठवून बघत होते.

"माहीत नाही मॅडम. बघितलंच नाही."

मी काही बोलले नाही. इतक्या वर्षांत मला एक गोष्ट जमायला लागली आहे, ती म्हणजे अशा वेळी गप्प राहणं. आपण अर्थ सांगायला गेलो की तो आपला होतो, समोरच्याचा राहत नाही. त्यांचं वाक्य त्यांच्याच कानावर पडायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी डायरी आपल्याकडे ओढली, त्या रिकाम्या रकान्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "केरळात मी बोटीवर नव्हतोच. मी डायरीत होतो."

महिनोन्महिने मी ज्या दिशेने जात होते, ते त्यांनी एका वाक्यात सांगून टाकलं होतं. खरं सांगते, त्या दिवशी घरी जाताना मला फार बरं वाटत होतं.

निसर्गात नेमकं काय घडतं, याचा एक चांगला उलगडा मिशिगन विद्यापीठातल्या रेचल आणि स्टीफन कॅपलन या दांपत्याने १९८९ मध्ये केला. कामावर आपण लक्ष ओढून-ताणून एका जागी धरून ठेवतो, आणि बाकीचं सगळं दूर सारत राहतो. थकवा येतो तो या धरून ठेवण्याचा. पाऊस, वाहतं पाणी, हलणारी पानं लक्ष वेधून घेतात, पण जबरदस्ती करत नाहीत, त्यामुळे त्या थकलेल्या भागाला सुट्टी मिळते. यात माझी भर एवढीच, की समोर पाऊस आणि आत मार्कांचा हिशोब चालू असेल, तर लक्ष धरून ठेवण्याचं काम बंद झालेलंच नसतं. माणूस रजेवर असतो, त्याचं लक्ष मात्र ड्युटीवर. म्हणून नुसतं बघण्यापेक्षा हाताला थोडं काम असलेलं बरं, असं मी सांगते. आवणीच हवी असं नाही. चुलीसाठी लाकडं गोळा करा, नागलीची (नाचणीची) भाकरी थापून बघा. ती तुटणारच, ज्वारी-बाजरीचा हात तिथे चालत नाही.

आणि ग्रुप कशाला, एकटं का नको? सुधाकररावांच्या ग्रुपमध्ये कुणालाही त्यांचं पद माहीत नव्हतं. घरच्यांबरोबर गेलो की तिकिटं, जेवण, कुणाचं डोकं दुखतंय, हे सगळं बरोबर येतं. आपण घरचे कर्ते असतो आणि तिथेही कर्तेच राहतो. अनोळखी माणसांत ती जागा आपोआप सुटते. त्यांच्या खोलीत ओझरचे एक निवृत्त शिक्षक होते. ते पहाटेच्या फेरीला सरळ "मी झोपतो" म्हणाले आणि झोपले. सुधाकररावांना याचं फार अप्रूप वाटलं. म्हणजे, असंही चालतं?

चालतं. चालायलाच हवं. हल्ली काही शिबिरांची पत्रकं मी बघते. सहाला योग, सातला ध्यान, आठला नाश्ता, नऊला मनोगत. अशा ठिकाणी माणूस घरच्यापेक्षा जास्त घाईत असतो. पत्रकात मोकळे तास किती आहेत, ते आधी बघा. पंधराच्या वर माणसं असतील तर त्याची सहल होते, वाईट नाही, पण ती वेगळी. गावातल्या लोकांना त्यांच्या जेवणाचे आणि वेळेचे पैसे मिळतात का, हेही विचारा. शक्य असेल तर परत आल्यावर मध्ये एक दिवस सोडून कामावर जा. आणि जुलैतल्या रविवारी त्र्यंबक रस्त्याने धबधब्याकडे निघणार असाल, तर तुम्ही निसर्गात नाही, गाड्यांच्या रांगेत जाताय हे धरून चला.

आता दुसऱ्या तक्रारीकडे येते. सुधाकररावही पुढच्या आठवड्यात तीच घेऊन आले. मंगळवारी कारखान्यात एक लॉट परत आला, आरडाओरडा झाला, रात्री पुन्हा तीनला जाग. "गेलं मॅडम सगळं."

"मावशी आठवतात का?"

"आठवतात की."

"मग सगळं कुठे गेलं?"

तीन दिवसांचा ताजेपणा वर्षभर टिकला पाहिजे, हाही तगादाच, आणि तो सोडणं पहिल्यापेक्षा अवघड जातं. इंग्लंडमध्ये सुमारे वीस हजार लोकांच्या माहितीवरून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. आठवड्याला १२० मिनिटं किंवा त्याहून जास्त निसर्गात घालवणाऱ्यांपैकी जास्त लोकांनी आपली तब्येत आणि मनःस्थिती चांगली असल्याचं सांगितलं होतं. मग ती मिनिटं एका दमात असोत किंवा तुकड्यातुकड्यांनी. निसर्गात गेल्यामुळेच बरं वाटतं, एवढं त्यावरून सिद्ध होत नाही. पण आठवड्याला दोन तास नाशिककराला अवघड आहेत का? सुधाकरराव सुट्टीच्या सकाळी पांडवलेणीला जातात. घरापासून जवळ आहे. लेणी चढून जातात, खाली शहर पसरलेलं दिसतं, त्यात आपला कारखाना शोधतात. (शोधू देत. त्याचे मार्क नाहीत ना.) डिसेंबरात एक सहकारी त्यांना नांदूर मध्यमेश्वरला घेऊन गेला. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरची ही पाणथळ जागा महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून २०२० मध्ये जाहीर झाली, पण आपल्यातले कितीतरी जण अजून तिथे गेलेले नाहीत. सुधाकररावांनी तिथे पक्ष्यांची यादी केली. जुन्याच डायरीत.

तीनची जाग अजून येते. पूर्वीइतकी नाही. आली तर "आता झोप लागलीच पाहिजे" असं म्हणत नाहीत, उठून पाणी पितात.

एक मात्र स्पष्ट सांगायला हवं. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस वाटत नसेल, भूक-झोप गेली असेल, जगण्याचा कंटाळा आल्याचे विचार येत असतील, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. तेवढंही सुचत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, मोफत आहे, मराठीतही बोलतात. शिबिराचं पत्रक घेऊन आलेल्या एका ताईंना मी याच कारणाने थांबवलं होतं. त्यांना राग आला. पण त्या डॉक्टरांकडे गेल्या, औषधं सुरू झाली, आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच गावी आवणीला जाऊन आल्या.