वजन उतरलं, पण चरबीच्या पेशी तितक्याच: आता रिपोर्टमध्ये काय बघायचं?

तुम्ही ८ महिन्यांत ९२ वरून ७८ किलोवर आलात. एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) ६.३ वरून ५.६ झालं, पण एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) थोडं चढलं, पोटावरची वळी तशीच आहे आणि चरबी मोजणारं मशीन अजून २९ टक्के दाखवतं. उरलेली चरबी लायपोसक्शनने, म्हणजे नळीने शोषून, काढली तर शुगर आणखी सुधारेल का, असं विचारलंय. आधी हाच प्रश्न घेऊ, बाकीच्या शंकांची निम्मी उत्तरं त्यातच मिळतात.

नाही सुधारणार. हा प्रयोग होऊन गेलाय. २००४ साली सॅम्युएल क्लाइन या अमेरिकन संशोधकाच्या गटाने १५ लठ्ठ स्त्रियांच्या पोटाच्या त्वचेखालची नऊ-दहा किलो चरबी लायपोसक्शनने काढली आणि १०-१२ आठवड्यांनी तपासण्या केल्या. इन्सुलिनचा परिणाम, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सगळं जैसे थे. खाणं कमी करून उतरवलेल्या वजनात असं होत नाही, कारण तेव्हा प्रत्येक पेशी थोडी थोडी रिकामी होते आणि यकृत, स्वादुपिंड, आतड्यांभोवतीची चरबी हेही हलकं होतं. त्वचेखालची चरबी हे खरं तर शरीराचं सुरक्षित गोदाम. ते भरलं की माल यकृतात आणि स्नायूंत जाऊन पडतो, आणि घोळ तिथे सुरू होतो. लायपोडिस्ट्रॉफी या आजाराच्या रुग्णांच्या अंगावर चरबी जवळपास नसते, तरी त्यांना जबर मधुमेह आणि फॅटी लिव्हर होतं. उलट पायोग्लिटाझोन या मधुमेहाच्या गोळीने त्वचेखालची चरबी वाढते आणि शुगर सुधारते.

म्हणून चिमटीत येणाऱ्या वळीचा फार विचार करू नका. तिच्यात सैल पडलेली कातडीही बरीच असते. तुमचं एचबीएवनसी सुधारलं त्यात यकृत हलकं झाल्याचा वाटा मोठा असणार. ब्रिटनमधले मधुमेह-संशोधक रॉय टेलर यांच्या २०११ च्या अभ्यासात टाइप २ मधुमेहींना रोज ६०० कॅलरींच्या आहारावर ठेवलं, तेव्हा पहिल्या ७ दिवसांतच यकृतातली चरबी सुमारे ३० टक्क्यांनी उतरली आणि उपाशीपोटीची शुगर जागेवर आली. (हे देखरेखीखालचं काम आहे, घरी करून बघायचं नाही.)

आतल्या चरबीचा अंदाज घ्यायला वजनकाट्यापेक्षा टेप बरा. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध टेप धरायचा. तो जमिनीला समांतर हवा, आवळायचा नाही. श्वास सहज सोडून झाल्यावर आकडा घ्यायचा. बहुतेक जण बेंबीवर किंवा पँटच्या पट्ट्याच्या जागी मोजतात, तेही पोट आत ओढून, आणि मग दर वेळी आकडा वेगळा येतो. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी. उंची तुम्ही दिलेली नाही. १७० सेंमी असेल तर ८५ च्या आत. मशीनचे २९ टक्के फार मनावर घेऊ नका. ते शरीरातून बारीक करंट सोडून पाण्यावरून हिशेब करतं, त्यामुळे पाणी कमी प्यायलं तरी चरबी वाढलेली दिसते.

एलडीएल चढलेलं दिसलं, ते बहुधा तपासणीची वेळ चुकल्यामुळे. चरबीच्या पेशींत कोलेस्टेरॉलही साठलेलं असतं आणि वजन उतरत असताना ते रक्तात येतं. याच काळात एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) थोडं घसरू शकतं, युरिक ॲसिड चढू शकतं. वजन किमान ४ आठवडे एका किलोच्या आत स्थिर राहिलं की १२ तास उपाशी राहून लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची तपासणी) पुन्हा करा. तरीही एलडीएल चढंच असेल तर मात्र थायरॉइड, आहारातलं तूप-लोणी आणि घरातला इतिहास डॉक्टरांबरोबर तपासा. स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) चालू असेल तर या भरवशावर बंद करू नका.

आता खरी काळजीची गोष्ट. मोठेपणी चरबीच्या पेशींची संख्या जवळपास ठरलेली असते. दर वर्षी साधारण १० टक्के मरतात आणि तितक्याच नव्या येतात. बॅरिॲट्रिक सर्जरी (वजन उतरवायची शस्त्रक्रिया) झाल्यावर दोन वर्षांनीही संख्या तीच, फक्त पेशी लहान झालेल्या दिसल्या. लहान पेशी इन्सुलिनचं नीट ऐकतात, हा फायदा. पण त्या लेप्टिन, म्हणजे साठा पुरेसा आहे हे मेंदूला सांगणारं हार्मोन, कमी सोडतात. मेंदू ते उपासमारीसारखं धरतो, भूक वाढवतो आणि ऊर्जेचा खर्च कमी करतो, म्हणजे मुळात ७८ किलोच्याच असलेल्या माणसापेक्षा तुम्हाला थोडं कमी खाणं पुरतं. त्यात २०२४ साली झुरिकच्या ईटीएच संस्थेच्या गटाने दाखवलं, की वजन उतरलेल्या उंदरांच्या चरबीपेशींत लठ्ठपणाच्या एपिजेनेटिक खुणा (जनुकं चालू-बंद करणाऱ्या खुणा) टिकून राहतात आणि तुपट खाणं मिळाल्यावर ते वजन लवकर चढवतात. माणसांतही सर्जरीनंतर दोन वर्षांनी जनुकांच्या कामातले काही बदल तसेच होते.

याचा अर्थ सगळं परत येणारच असा नाही, पण ‘झालं, सुटलो’ असाही नाही. उतरलेल्या वजनात साधारण पाव भाग स्नायू वगैरेंचा असतो, आणि जेवणानंतरची बरीचशी साखर स्नायूच उचलतात. वजन पुन्हा चढतं तेव्हा चरबी आधी भरते, स्नायू मागे राहतात. त्यामुळे आठवड्यातून २-३ दिवस वजनाचे व्यायाम हवेतच. मांड्या, पाठ, छाती असे मोठे स्नायू घ्या. नुसतं चालणं इथे पुरत नाही. प्रथिनं किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला रोज साधारण ९५ ते १२५ ग्रॅम. किडनीचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारूनच.

रोजचा काटा बघून घाबरू नका. एक ग्रॅम ग्लायकोजेन (शरीरातला साखरेचा साठा) सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतो, त्यामुळे एका जड जेवणाने किलोभर वर-खाली होतंच. आठवड्याची सरासरी लिहा. ती ८० च्या वर गेली किंवा कंबर ३ सेंमीने वाढली, तर त्याच आठवड्यात पावलं उचला, ८५ होईपर्यंत थांबू नका.

आणि बीपीची किंवा शुगरची गोळी ९२ किलोच्या वेळच्याच डोसने चालू असेल तर आधी तो डोस बघून घ्या. उठताना चक्कर येणं किंवा जेवणाआधी हात थरथरणं हे बऱ्याचदा अशक्तपणाचं म्हणून सोडून दिलं जातं, आणि असतं डोस जास्त झाल्याचं.