जुनी शिडाची होडी घेतल्यावर आधी डेक ठोकून पाहा

नवी शिडे आणि उपकरणे यांवर खर्च करण्याआधी डेक तपासावा, असे मी आपल्याला सुचवीन. जुन्या फायबरग्लास होड्यांच्या डेकमध्ये दोन थरांच्या मध्ये बहुधा बाल्सा लाकूड असते आणि क्लीट (दोर बांधण्याची खुंटी) किंवा स्टँचन (कठड्याचा खांब) यांच्या बोल्टांभोवतीचे सीलंट सुकले की पावसाचे पाणी तेथूनच आत झिरपते. प्लास्टिकच्या हातोडीने वीतभर अंतराने हलके ठोकत जावे. टणक आवाज एकाएकी बद्द झाला, तर तेथील लाकूड कुजलेले असण्याची दाट शक्यता असते. नुसते वरून सीलंट भरणे म्हणजे रोग झाकणे होय. बोल्ट काढून भोक मोठे करावे, कडेचे लाकूड पूर्ण वाळवून त्यात दाट केलेले इपॉक्सी (दोन घटक कालवल्यावर कडक होणारी राळ) भरावे आणि ते कडक झाल्यावर मूळ मापाचे भोक पुन्हा पाडावे, म्हणजे पुढे गळती झाली तरी पाणी लाकडापर्यंत पोहोचत नाही.

मुंबईत पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर असते, म्हणून हे काम तेव्हाच उरकण्याचा मोह होतो. परंतु दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो, जो पाण्याने घासून धुतल्याशिवाय पुढचा थर नीट चिकटत नाही. माझ्या मते एप्रिल-मे बरे, मात्र उन्हात मिश्रण डब्यातच कडक होते, तेव्हा ते थोडे थोडेच कालवावे.

डोलकाठीच्या तारांचे वय ठाऊक नसेल, तर त्या सरळ बदलाव्यात.