जुन्या मारुती ८०० चे पुढचे बुश (लोअर आर्मच्या सांध्यातले रबरी तुकडे) पहिल्यांदा बदलताय?

दादा, स्पीडब्रेकरवर पुढून 'खट्' वाजलं म्हणजे शॉकअपच गेला असं धरू नका. आधी टॉमी (छोटी पहार) लावून लोअर आर्म, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा, हलवून बघा. बुशचं रबर फाटलं असेल तर दिसेलच. हात बसवायला ८०० झकास गाडी आहे.

सुरुवातीला एवढं सांभाळा:

- नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही. खाली जॅक-स्टँड लावलेच पाहिजेत.
- गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्रीच गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा.
- बुशला ग्रीस, ऑइल नको, रबर फुगतं. साबणाचं पाणी पुरे.

आणि हमखास चुकतं ते इथे: चाक लोंबकळत असतानाच आर्मचा बोल्ट आवळतात. रबर बुशच्या आतल्या धातूच्या नळीला चिकटलेलं असतं, त्यामुळे गाडी खाली आली की ते पिळलेलंच राहतं. माझी पहिली जोडी अशीच चार महिन्यांत फाटली. बोल्ट हातानेच लावा, गाडी चाकांवर उतरवा, बॉनेटवर दोनतीनदा दाबून झुलवा, मग आवळा.

बुश हातोडीने ठोकत बसू नका, दाबयंत्र (प्रेस) असलेल्या गॅरेजवाल्याकडून बसवून आणा. दोन्ही बाजू एकदमच करा, मग अलाइनमेंट. रबराऐवजी पॉलियुरेथेनचे (कडक प्लास्टिकसारखे) बुश मिळतात, त्यांचं नंतर बघू.